पडून राहा म्हणणारी माया

कॅन्सरच्या उपचारांच्या काळात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य डॉक्टरांचं नव्हतं, घरातलंच होतं. "तू नको उठूस गं, मी बघते." सासूबाई म्हणायच्या, धाकटी बहीण म्हणायची, मुलगी तर नुसत्या नजरेनेच म्हणायची. पाण्याच्या पेल्यापर्यंत हात पोचायच्या आत कोणीतरी तो उचलून हातात द्यायचं. आजारी माणसाला जपायचं म्हणजे त्याला हलू द्यायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. आणि त्यात मायेशिवाय दुसरं काही नसतं. म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड जातं.

मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन आणि आता रोजची गोळी, असा सगळा रस्ता चालून झाला. त्या काळात वेटिंग रूममध्ये आणि फिजिओच्या खोलीबाहेरच्या बाकावर कितीतरी जणांशी बोलणं झालं. व्यायामाचा विषय निघाला की बहुतेकांचे डोळे खाली जायचे. "कळतं हो सगळं, पण माझ्याकडून होत नाही. मीच आळशी." हे ऐकलं की मला आजही राग येतो, आणि तो त्या माणसांचा नसतो. औषधाने उलट्या झाल्या तर कोणी म्हणत नाही की पेशंटची इच्छाशक्ती कमी पडली. उलटीची गोळी लिहून देतात, ती लागू पडली नाही तर बदलून देतात. मग चालणं जमत नाही असं सांगितल्यावर दोष माणसाचा कसा होतो? काय आड येतंय, हे शोधणं आणि त्यावर उपाय करणं हासुद्धा उपचारांचाच भाग आहे असं मी मानते. तो भाग बहुतेकांच्या वाट्याला येत नाही.

आधी आरामाबद्दल. पडून राहण्याने शरीराचं काय होतं हे फार पूर्वीच मोजलं गेलंय. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून त्यांची क्षमता आधी आणि नंतर तपासली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने त्यांची श्रम करण्याची क्षमता जेवढी घटवली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. २००७ साली बारा निरोगी वयस्कर माणसांवर असाच अभ्यास झाला. फक्त दहा दिवस झोपून राहिल्यावर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस झडलं. ही सगळी निरोगी माणसं होती. त्यात ऑपरेशन, केमो, उडालेली भूक आणि उलट्या थांबाव्यात म्हणून दिलेलं स्टिरॉइड मिळवा. जास्त दिवस घेतलं तर स्टिरॉइड मांड्यांचे स्नायू कमकुवत करतं. मग खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो आणि आपण म्हणतो, कॅन्सरने गळाठलो.

केमो चालू असताना व्यायाम करता येतो, हे पहिल्यांदा पद्धतशीरपणे दाखवलं ते नर्सिंगमधल्या संशोधकांनी, हे मला फार आवडतं. १९८०च्या दशकात ओहायोमध्ये मेरी मॅकव्हिकर आणि मेरिल विनिंगहॅम यांनी केमो घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं. त्यांची क्षमता वाढली. पेशंटच्या उशाशी उभं राहणाऱ्या माणसाला ते दिसलं, याचं नवल वाटत नाही. त्यानंतर अभ्यासांचा ढीग झाला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम वाढवणारा व्यायाम आणि दोनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितलाय. थकवा, चिंता, उदासी आणि रोजची कामं करण्याची क्षमता या सगळ्यांवर त्याचा चांगला परिणाम होतो, हे त्यात मान्य झालंय. २०२२ साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलं की बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असतील तर डॉक्टरांनी पेशंटला व्यायाम सुचवावा.

म्हणजे माहिती आहे. तरी माणूस उठत नाही, तो का?

थकव्यापासूनच सुरुवात करायला हवी. ज्याने तो अनुभवला नाही त्याला वाटतं, खूप काम केल्यावर येतो तसा असेल. तसा नसतो. रात्रभर झोपून सकाळी उठलं तरी तो तिथेच असतो. केस विंचरायला हात वर नेला की मध्येच खाली येतो. बोलायचं असतं, पण वाक्य पुरं करायचं त्राण नसतं. अशा माणसाला "चालल्याने थकवा कमी होतो" असं सांगणं खरं असलं तरी क्रूर वाटतं. पडून राहिलं की ताकद जाते, ताकद गेली की जराशा हालचालीनेही दमायला होतं, दमलं की पुन्हा पडून राहावंसं वाटतं. हे चक्र मला कागदावर पटलं होतं. पण पाय काही कागद वाचत नाहीत.

माझ्या बाबतीत हा पेच एका फिजिओने सोडवला. तिने आधी व्यायाम दाखवलेच नाहीत. केमोच्या चक्रात कुठले दिवस कसे जातात ते विचारलं. केमोनंतरचे पहिले काही दिवस वाईट, मग हळूहळू सावरत पुढच्या केमोआधीचा आठवडा बरा, असं माझं होतं. तिने तीन वेगवेगळे कागद केले. वाईट दिवसाच्या कागदावर पलंगावर बसून पावलं वरखाली करणं, दीर्घ श्वास, आणि आधार घेऊन खुर्चीतून उठून पुन्हा बसणं, एवढंच. मधल्या दिवसाचा वेगळा, चांगल्या दिवसाचा वेगळा. "वाईट दिवशी वाईट दिवसाचा कागद पुरा केलात, तर त्या दिवसाचा व्यायाम पुरा झाला," असं ती म्हणाली. त्या वाक्याने माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं, ते तिला कदाचित कळलंही नसेल. तोवर मला वाटायचं, एक तर अर्धा तास चालायचं, नाही तर आपण हरलो.

भीतीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, कारण बहुतेक भीती कोणीतरी जबाबदार माणसाने घातलेली असते. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की त्या बाजूचा हात सुजण्याचा धोका असतो. त्याला लिम्फिडिमा म्हणतात. वर्षानुवर्षं बायकांना सांगितलं गेलं की त्या हाताने वजन उचलू नका. कोणी म्हणायचं भरलेली पिशवीसुद्धा नको, कोणी म्हणायचं लहान मूल कडेवर घेऊ नका. अमेरिकेतल्या संशोधक कॅथरीन श्मिट्झ यांच्या गटाने ही समजूत तपासून पाहिली आणि २००९ साली निष्कर्ष छापले. हात आधीच सुजलेल्या १४१ बायका. निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनापासून, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, हातावर घट्ट बाही चढवून, आणि त्रास झाला नाही तरच थोडं वाढवायचं. सूज वाढण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. उलट सूज एकदम भडकण्याचे प्रसंग वजन उचलणाऱ्या जणींमध्ये कमी होते, १४ टक्के विरुद्ध २९ टक्के. शिवाय त्यांच्या हातात ताकद आली.

या अभ्यासाला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या शेजारच्या बाकावर बसलेली बाई आपला हात पोटाशी धरून बसायची. ऑपरेशननंतर तिच्या काखेतून कोपराकडे ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी हाताला लागायचं आणि हात वर नेला की ओढ बसायची. काहीतरी तुटेल या धास्तीने तिने हात हलवणंच बंद केलं, आणि खांदा आखडला. त्या दोऱ्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणींमध्ये दिसतात, ताणाच्या व्यायामांनी आणि फिजिओच्या उपचारांनी सुटतात, हे डिस्चार्जच्या दिवशी दोन मिनिटांत सांगता आलं असतं. न सांगितल्यामुळे पुढे रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यामागे ठेवताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

सगळीच भीती खोटी असते असंही नाही, आणि इथे मला जपून लिहायचंय. पांढऱ्या पेशी खाली आल्या असतील तर गर्दीच्या जिममध्ये संसर्गाचा धोका खरा असतो. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स फार कमी असताना पडणं धोक्याचं. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सालिप्लॅटिनसारख्या औषधांनी तळव्यांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, पाय कुठे पडतोय ते कळत नाही. अशा माणसाला "रोज चालून या" म्हणणं म्हणजे पडायला पाठवणं. ऑक्सालिप्लॅटिननंतरचे काही दिवस तर थंड हवा किंवा थंड वस्तू लागली तरी झिणझिण्या येतात. ताप, नव्याने सुरू झालेलं हाडाचं दुखणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला आलेली सूज, बसल्याजागी लागलेला दम, यांपैकी काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन करायचा. पण हा सगळा धोका ओळखून मार्ग काढायलाच तर फिजिओ असतो. तळवे बधिर आहेत तर चालण्याऐवजी बसून चालवायची सायकल, भिंतीला धरून तोल सांभाळण्याचा सराव. गर्दी नको तर घरच्या घरी. "धोका आहे, म्हणून काहीच करू नका" हे उत्तर देणाऱ्यासाठी सोयीचं असतं. भोगावं लागतं ते ऐकणाऱ्याला.

जबड्याच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये व्यायाम म्हणजे तोंड उघडणं आणि गिळणं. ऐकायला किती साधं! पण रेडिएशनने तोंडभर फोड आलेले असताना जबडा ताणायचा, तोही दिवसातून कितीदातरी. तो ताणला नाही तर तोंड कायमचं अर्धवटच उघडेल ही भीती, आणि ताणायला जावं तर जीव जातो. अशा वेळी अडथळा वेदनेचा असतो. डॉक्टरांशी बोलून दुखणं थांबवायच्या गोळीची वेळ व्यायामाच्या जरा आधीची करून घेतली की पुष्कळांना तो जमू लागतो. इतकी छोटी गोष्ट. पण त्यासाठी गोळी लिहिणाऱ्याने आणि व्यायाम शिकवणाऱ्याने एकमेकांशी बोलावं लागतं.

लाजेबद्दल तर कोणीच बोलत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर खोकलं, वाकलं, जरा भरभर चाललं की लघवी सुटते. असे एक काका मला भेटले होते. त्यांनी फिरायला जाणं बंद केलं होतं आणि घरी सांगायचे, गुडघे दुखतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते शिकवणारे फिजिओ असतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. आणि ते विचारणार तरी कसे? पोटावर शौचाची पिशवी लावलेली असली की वाटतं, वाकलो तर सुटेल. डोक्यावर विग असला की घामाची धास्ती. एक स्तन नसलेल्या छातीवर टी-शर्ट घालून आरशांनी भरलेल्या खोलीत पाऊल टाकणं काय असतं, ते मला माहीत आहे. मी दारातून आत गेले तेव्हा कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. आरसा मात्र होता.

आता व्यवस्थेकडे येते. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर प्रत्येक गोळीचं नाव होतं, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं. आणि शेवटी तीन शब्द: हलका व्यायाम करा. किती, कुठला, कधीपासून, कोणाला विचारून, काहीही नाही. हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. २००८ साली अमेरिकेत अँड्रिया शेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या १६३ जणींची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के जणींना हालचालीशी संबंधित निदान एक तरी त्रास होता. ज्या त्रासांना पुनर्वसनाच्या, म्हणजे गेलेली हालचाल परत मिळवून देणाऱ्या, उपचारांची गरज होती, त्यांपैकी ३० टक्के त्रासांवरच ते उपचार झाले होते. या बायका काही डॉक्टरांपासून दूर नव्हत्या. तपासण्या, औषधं, स्कॅन सगळं चालू होतं. उठता-बसता येतं का, एवढंच बघायचं राहून जात होतं.

नुसत्या सल्ल्याने काय होतं आणि सोबतीने काय होतं, याचं उत्तर मला २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या 'चॅलेंज' नावाच्या चाचणीत दिसतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो संपवलेले ८८९ लोक, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना आरोग्याची माहिती देणारी छापील पुस्तिका दिली. उरलेल्यांना पुस्तिका तर दिलीच, शिवाय तीन वर्षं एक प्रशिक्षित माणूस त्यांच्यासोबत राहिला. भेटायचा, व्यायाम करून घ्यायचा, अडचणी विचारायचा, त्यांच्या आवडीचा व्यायाम निवडायला मदत करायचा. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण सोबत मिळालेल्या गटात ८०.३ टक्के, आणि पुस्तिकेच्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ आणि ८३.२ टक्के. व्यायामाच्या गटात स्नायू-सांध्यांच्या तक्रारी थोड्या जास्त होत्या, तेही नोंदवलंय. हा निष्कर्ष एका विशिष्ट कॅन्सरच्या विशिष्ट टप्प्यापुरता आहे, तो उचलून सगळ्यांना लावता येणार नाही. पण वर्तमानपत्रांनी मथळे दिले, 'व्यायामाने कॅन्सर रोखला'. तो तीन वर्षं सोबत राहणारा माणूस मथळ्यातून गळून गेला. पुस्तिका मिळालेल्यांनाही चालावं हे माहीत होतंच की!

आणि याच आकड्यांत मला आणखी एक गोष्ट दिसते, जी आजार उलटलेल्या प्रत्येकाला हात धरून सांगावीशी वाटते. मनापासून व्यायाम केलेल्यांतही काहींचा आजार परत आला. आणि फक्त पुस्तिका घेऊन घरी गेलेल्यांतल्या बहुतेकांचा पाच वर्षांत आला नाही. तुमचा आजार उलटला तर तो तुम्ही कमी चाललात म्हणून, असं कोणीही म्हणू शकत नाही. "मी नियमित केलं असतं तर..." हे वाक्य मी हुंदक्यांसकट ऐकलेलं आहे. व्यायामाचा प्रचार करणाऱ्या आपण सगळ्यांनी, मी धरून, आपल्या उत्साहाने असा अपराधभाव कोणाच्या पदरात पडणार नाही याची काळजी घ्यायला हवी.

घरच्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. फिजिओने एके दिवशी सासूबाईंना आणि मुलीला आत बोलावलं. त्यांना आराम कसा वाईट यावर व्याख्यान दिलं नाही. कामं दिली. सासूबाईंनी मी खुर्चीतून उठते-बसते तेव्हा समोर बसून मोजायचं, मुलीने चांगल्या दिवसांत माझ्याबरोबर चालायचं आणि मला चालताना बोलता येतंय ना यावर लक्ष ठेवायचं, कारण बोलण्याइतका दम उरत नसेल तर वेग जास्त झालाय. माझ्यासाठी काहीतरी करायची त्यांची तहान होती, आणि तोवर ती भागवायला मला झोपवून ठेवण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हतं. त्यानंतर पाण्याचा पेला सासूबाई मुद्दाम जरा लांब ठेवू लागल्या.

शेवटी एका काकूंबद्दल लिहायलाच हवं. त्यांचा आजार मणक्यात आणि खुब्यात पोचला होता. हाड मोडेल ही भीती रास्त होती, म्हणून त्यांना पलंगावरून हलू देत नव्हते. पुनर्वसनाच्या क्षेत्रात हर्बर्ट डिएट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय की कॅन्सरच्या प्रत्येक टप्प्याला त्याचं पुनर्वसन असतं: त्रास व्हायच्या आधीचं, गेलेली क्षमता परत मिळवण्याचं, उरलेली टिकवण्याचं, आणि बरं होणं शक्य नसताना त्रास कमी करण्याचं. काकूंच्या बाबतीत फिजिओने डॉक्टरांबरोबर बसून स्कॅन बघितले, कुठल्या पायावर किती भार चालेल ते ठरवलं, कंबर न पिळता कुशीवर वळून उठायला शिकवलं, वॉकर दिला, संडासची बैठक उंच करायला सांगितली. रात्री मुलाला न उठवता संडासला जाता येणं, एवढंच उद्दिष्ट होतं, आणि काही महिने काकूंनी ते साधलं. पुढे आजार वाढला तेव्हा उद्दिष्ट बदललं, पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या हाताने जेवणं एवढंच ठेवलं. नंतर तेही बदललं. फिजिओ येत राहिला, शेवटी शेवटी फक्त कूस बदलायला आणि श्वास मोकळा व्हावा म्हणून.

हे सगळं सुरू झालं ते एका नर्समुळे. चादर बदलताना तिने काकूंना विचारलं, "तुम्हाला काय करता यायला हवंय?" काकू म्हणाल्या, "रात्री एकटीला उठता यायला हवं." तिने ते फाइलमध्ये लिहिलं आणि फिजिओला फोन केला. तोवर इतक्या महिन्यांत तो प्रश्न काकूंना कोणी विचारलाच नव्हता.